अण्णांच्या गच्चीवर बहिरी ससाणा

सातारा-सांगलीला निघालो तेव्हा अमरावतीच्या आमच्या शेजारीणबाईंनी विचारलं, "देवाले का?" मी म्हटलं, "नाही, ससाणा पाहायला." त्यांनी आमच्या दोन बॅगा, पाण्याच्या चार बाटल्या आणि दुर्बीण पाहिली आणि हळहळून म्हणाल्या, "ससे त आपल्याइकडेबी हायेत न बाप्पा!"

ससाणा म्हणजे शिकारी पक्षी, हे मी त्यांना समजावत बसले नाही, कारण महिन्यापूर्वी मलाही ते माहीत नव्हतं. हे खूळ माझ्या नणंदेचं. कुमुदताईंचं वय अडुसष्ट. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. पट्टी सुटून घरी आल्या, दारात थबकल्या आणि म्हणाल्या, "सुधा, ही भिंत गुलाबी आहे?" मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "आणि तुझ्या कपाळावर एवढ्या आठ्या कधी आल्या?" त्या दिवसापासून जगातली एकही गोष्ट त्यांच्या तावडीतून सुटलेली नाही. कुंपणावरच्या बुलबुलापासून सुरुवात झाली. मग पक्षी पाहणाऱ्यांच्या मोबाइलवरच्या गटात त्या शिरल्या, पहाटे लोकांना उठवू लागल्या, आणि फेब्रुवारीत एके सकाळी त्यांनी जाहीर केलं की सांगलीत एका जुन्या दगडी इमारतीच्या मनोऱ्यावर बहिरी ससाण्याच्या जोडीनं घरटं केलंय. हा पक्षी एरवी सह्याद्रीच्या कड्यांवर अंडी घालतो. सूर मारतो तेव्हा त्याच्याइतका वेगवान जीव पृथ्वीवर दुसरा नाही. आणि आपण तो पाहायला जायचंय.

"आपण म्हणजे?" मी विचारलं.

"मी आणि तू. मला एकटीला कोण सोडतंय?"

सातारा

आधी सातारा, कारण तिथे सुभेदार जगदाळे होते. कुमुदताईंचे यजमान विनायकराव फौजेत कारकून होते, आणि जगदाळे त्यांचे जुने दोस्त. सत्तरी ओलांडलेले, मिशा अजून सावधान अवस्थेत. स्टँडवर त्यांनी आम्हाला पाहिलं आणि लगेच सांगितलं, "वैनी, प्लॅन तयार हाय. सकाळी साडेपाचला कूच. अजिंक्यतारा. तिथनं पाखरू दिसलंच पायजे."

साडेपाच म्हणजे साडेपाचच. आम्ही दाराबाहेर आलो तर ते काठी घेऊन पाच मिनिटांपासून उभे होते. वर चढताना खाली सातारा हळूहळू उजळत होता, देवळांचे कळस आणि पाण्याच्या टाक्या बरोबरीनं वर येत होत्या. आमच्याकडे डोंगर म्हटला की चिखलदरा, आणि तिथेही गाडीनं जायचं असतं. इथे लोक अजिंक्यताऱ्यावर रोज सकाळी पाय मोकळे करायला येतात. एक आजी तर आम्हाला मागे टाकून, वर टेकून, परत खाली जाताना "या बसा सावकाश" म्हणून गेल्या.

तटाशी पोहोचल्यावर कुमुदताईंनी ओठांवर बोट ठेवलं. "आता अगदी हळू बोलायचं."

"का बरं?" सुभेदारांनी परेडच्या आवाजात विचारलं.

"पक्षी बुजतो."

"पर तुमीच म्हनालात न्हवं, बहिरी हाय?"

त्याचं बहिरेपणाशी काही नातं नाही, ते नुसतं नाव आहे, हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. सुभेदारांना ते काही पटलं नाही. "सरकारदरबारी येकदा नाव लागलं की त्यात कायतरी असतंय," म्हणाले. मग त्यांनी आकाशाकडे काठी रोखली. "त्यो बघा!"

आम्ही पाहिलं. मोठा, तपकिरी, संथ घिरट्या घालणारा पक्षी. पाऊण तास आम्ही तो पाहिला. कुमुदताईंनी वहीत त्याचं चित्र काढलं. मी मोबाइलवर बावीस फोटो काढले. मग पक्ष्यानं वळण घेतलं, शेपटीची दुबेळकी खाच स्पष्ट दिसली आणि कुमुदताई वही मिटत म्हणाल्या, "घार आहे."

"घारच हाय की," सुभेदार म्हणाले. "मी कवा न्हाई म्हनलं?"

घरी परतलो तर सुभेदारांच्या पत्नीनं ज्वारीची भाकरी, मटकीची आमटी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा वाढला. सकाळी आठला! आमच्या अमरावतीत या वेळेला पोहे किंवा गिलावडा. खर्डा पुढे आला तेव्हा मी ऐटीत म्हटलं, "आम्ही विदर्भातले, आम्हाला तिखटाचं सांगू नका." पहिल्या घासाला कानातून वारा गेला. मी पाण्याच्या तांब्याकडे झेपावले, तर वहिनींनी तो बाजूला सरकवला. "आवं पानी नगा पिऊ, भाकरी खावा. पान्यानं लय भडकतं." कुमुदताई मात्र निवांत जेवत माझ्याकडे पाहत होत्या. "सुधा, तुझं नाक किती लाल झालंय! आधी कळलंच नसतं मला."

जेवणानंतर सुभेदारांनी एक जुना फोटो आणला. बर्फात उभे असलेले सहा जवान. कुमुदताईंनी तो हातात घेतला आणि खिडकीपाशी नेला.  विनायकरावांचं शेवटचं वर्ष अंथरुणात गेलं. त्यांना सोडून दवाखान्यात कशाला बसू, म्हणून ताईंनी स्वतःच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं, आणि ते गेले तेव्हा ताईंना त्यांचा चेहरा धुक्यातून दिसावा तसाच दिसला होता. हे मला माहीत होतं, पण त्यांनी स्वतः कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"डाव्या भुवईत तीळ होता ह्यांच्या," त्या म्हणाल्या. "मी विसरलेच होते."

सुभेदारांनी घसा खाकरला. "वैनी, उद्या सांगलीला मी बी येतो. तुमास्नी दोघींनाच सोडलं तर विनायक मला वर गेल्यावर जाब विचारंल."

सांगली, पहिला दिवस

प्रवासाबद्दल एवढंच सांगते, की कराडच्या पुढे आमची एसटी उसानं भरलेल्या ट्रॉलीच्या मागे अडकली, आणि ती ओलांडताना सुभेदारांनी खिडकीतून हात बाहेर काढून प्रत्येकीला एक-एक कांडं काढून दिलं. "खावा. इथं याला चोरी म्हनत न्हाईत."

विश्रामबागेत एका लॉजवर बॅगा टाकल्या आणि रिक्षानं जुन्या पेठेत गेलो. इमारत कोणती ते मी लिहिणार नाही. पक्षी पाहणाऱ्यांचा तसा शिरस्ता असतो. घरट्याचा पत्ता छापला की पक्ष्यांपेक्षा माणसं जास्त जमतात. संस्थानच्या काळातली काळ्या दगडाची इमारत, मधोमध मनोरा, त्यात बंद पडलेलं घड्याळ, एवढं पुरे. घड्याळाखाली एक कोनाडा, आणि कोनाड्याच्या कडेवर पांढरी विष्ठा ओघळलेली. कुमुदताईंना ती विष्ठा पाहून जो आनंद झाला तो मी त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता.

पण रस्त्यावरून तेवढंच दिसत होतं. समोरच्या तिमजली घराच्या गच्चीवरून मात्र सगळं दिसलं असतं. सुभेदारांनी कडी वाजवली. पांढरा सदरा घातलेले साठीचे एक गृहस्थ बाहेर आले. हळदीचे व्यापारी, गल्लीत त्यांना सगळे भूपालअण्णा म्हणत.

"आमी ससाणा बघायला आलोय," सुभेदार म्हणाले.

अण्णांचा चेहरा पडला. "त्यो बघायला? लांबनं आलाय?"

"अमरावतीहून," कुमुदताई अभिमानानं म्हणाल्या.

"मग जाताना घिऊन जावा की."

दार मिटायलाच लागलं होतं, पण अण्णांना गाऱ्हाणं सांगितल्याशिवाय राहवलं नाही. ते असं: अण्णांना कबुतरांचा नाद. वडिलांपासूनचा. गच्चीवर लाकडी ढाबळ, तिच्यात उंच उडणारी पन्नासेक कबुतरं, प्रत्येकाला नाव. आणि समोर मनोऱ्यावर ससाण्याचा संसार. डिसेंबरपासून अकरा कबुतरं गेली होती. अण्णा घराण्यानं जैन. मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालणारा माणूस. ससाण्याला दगड मारणं तर सोडाच, त्याचं वाईट चिंतणंसुद्धा त्यांना जमत नव्हतं.

"मारू बी शकत न्हाई, बघू बी शकत न्हाई," ते आम्हाला म्हणाले. "थाळी वाजवून बघितली. चकचकीत पट्ट्या बांधल्या. शेवटी वनखात्याला अर्ज दिला."

"कसला अर्ज?"

त्यांनी आतून त्याची प्रत आणून दाखवली. व्यवस्थित टाइप केलेली, खाली सही. 'सदर पक्ष्याची योग्य त्या डोंगराळ भागात बदली करण्यात यावी, ही नम्र विनंती.'

"मग काय उत्तर आलं?"

"अजून टेबलावर हाय म्हनत्यात."

तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी, अक्का, आल्या. आम्हाला दारात पाहून अण्णांवरच उखडल्या. "आवं, बायका उन्हात उभ्या हायत आनी तुमी अर्ज काय वाचून दाखवताय! चला हो वर, आधी ताक घ्या." अण्णांनी माघार घेतली, पण अट घातली: त्यांच्यासमोर त्या पाखराचं कौतुक करायचं नाही.

ही अट आम्ही अर्धा तास पाळली.

मादी मनोऱ्याच्या टोकावर बसली होती. पाठ निळसर राखाडी, पोट तांबूस, डोळ्यांखाली काळ्या मिशांसारखे पट्टे. सुभेदारांना त्या मिशा पाहून प्रथमच तिच्याबद्दल आदर वाटला. कोनाड्यात दोन पिल्लं दिसत होती, पिसं फुटलेली, अंगावर अजून कापसाचे पुंजके. मग मादी उठली. वर गेली, इतकी वर की ठिपका झाली. नंतर ठिपका थांबला, पंख मिटले आणि ती पडली. उडाली असं म्हणवत नाही. कोणीतरी आभाळातून दगड सोडावा तशी ती खाली आली. कानावरून सुर्रर्र आवाज गेला आणि नदीच्या बाजूला हवेत पिसांचा एक भुरका तरंगत राहिला.

कुमुदताईंच्या हातून दुर्बीण निसटून गळ्यातल्या दोरीला लटकत होती. "दिसलं," त्या म्हणाल्या. "सुधा, मला सगळं दिसलं. अगदी पंख मिटतानासुद्धा." आणि मोठ्यानं म्हणाल्या, "काय देखणी आहे हो!"

अण्णा पाठ करून कबुतरं मोजत होते. पन्नास. म्हणजे मादीनं धरलेलं कबूतर रानातलं होतं. त्यांनी श्वास सोडला आणि अट मोडल्याबद्दल काही बोलले नाहीत.

अक्कांनी रात्रीच्या जेवणाला थांबवून घेतलं. 'रात्रीच्या' हा माझा शब्द. पानं मांडली तेव्हा पावणेसहा वाजले होते, कारण त्या घरात सूर्य मावळल्यावर कोणी जेवत नाही. आमच्याकडे नऊच्या आधी कुकर लागत नाही. दुपारभर आम्ही अक्कांचं भडंग आणि तासगावची द्राक्षं खात होतो, त्यामुळे पोटात जागा नव्हती, आणि अक्का वाढायच्या थांबत नव्हत्या. सुभेदारांनी चौथी चपाती शत्रूकडे पाहावं तशी पाहिली आणि संपवली.

सांगली, दुसरा दिवस

सकाळी सातला अण्णांचा फोन.  "ताई, लवकर या. त्याचं पोरगं माज्या गच्चीवर पडलंय."

आम्ही पोहोचलो तर गच्चीच्या कोपऱ्यात, ढाबळीपासून चार हातांवर, पिल्लू बसलं होतं. पहिलीच झेप फसली होती. पंख धड, पाय धड, पण परत वर जायचं बळ नव्हतं. चोच वासून ते प्रत्येकावर फिस्कारत होतं. कठड्यावर कावळे जमले होते आणि शेजारच्या पत्र्यावर एक बोका शांतपणे बसून विचार करत होता. ढाबळीतली पन्नास कबुतरं श्वास रोखून मागच्या भिंतीला चिकटली होती.

कुमुदताईंनी वनखात्याला फोन लावला. तिथल्या बाईंनी सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं की हात लावू नका, जागा बदलू नका. आई-बापच त्याला भरवतील. दोन दिवसांत ते उडेल. फक्त तोवर कावळे आणि मांजर जवळ येऊ देऊ नका, कोणीतरी लांब बसून लक्ष ठेवा. आम्ही दुपारी येऊन बघून जातो.

"नो प्रॉब्लेम," सुभेदार म्हणाले. "गार्ड ड्यूटी माजी." ते गच्चीत दोन पावलं पुढे गेले. त्याच क्षणी मनोऱ्यावरून मादी सुटली. सुभेदारांची टोपी उडाली आणि ते स्वतः जिन्याच्या दारातून आत, हळदीच्या रिकाम्या पोत्यांवर आले.

"वैनी," ते पोत्यांतून म्हणाले, "सतरा वर्सं बॉर्डरवर काढली, पर डोक्यावर असं कुनी आलं नव्हतं." उठले तेव्हा मिशांसकट पिवळे झाले होते. अक्का तोंडाला पदर लावून खाली पळाल्या.

आता प्रश्न पडला की बसणार कोण. अण्णा इतका वेळ दारात उभे होते. एक नजर ढाबळीकडे, एक पिल्लाकडे. एका कावळ्यानं कठड्यावरून खाली उडी मारली आणि पिल्लाच्या शेपटीकडे तिरका तिरका सरकू लागला. अण्णांनी कोपऱ्यातली मोठी काळी छत्री उचलली, उघडली, डोक्यावर धरली आणि खुर्ची ओढत गच्चीत गेले. मादीनं दोनदा छत्रीवर झडप घातली. अण्णा हलले नाहीत. कावळा उडाला.

"जीव हाय त्यो," आमच्याकडे न बघता ते म्हणाले. "आपल्या दारात आलाय."

दिवसभर ते बसले. दुपारी वनखात्याच्या बाई येऊन गेल्या, जिन्यातूनच पाहिलं आणि म्हणाल्या की छान चाललंय, असंच बसा. अक्कांनी जेवण दारातून पुढे सरकवलं. कुमुदताई जिन्यात बसून दुर्बिणीतून बोक्यावर नजर ठेवत होत्या. सुभेदार खालून निरोप आणत-नेत होते. मादीला एव्हाना छत्रीची सवय झाली होती.

साडेचारच्या सुमारास ती आली. पायात काहीतरी होतं. पिल्लापुढे उतरली आणि फाडायला लागली. आधी पिसं उडाली. राखाडी, एक-दोन पांढरी. मग मला दिसलं, आणि कुमुदताईंना तर माझ्याआधीच दिसलं असणार, की त्या भक्ष्याच्या पायात हिरवं कडं होतं. अण्णांच्या सगळ्या कबुतरांच्या पायात तसंच कडं असे. सकाळच्या गोंधळात ढाबळीचं वरचं दार उघडं राहिलं होतं.

अण्णांनीही ते पाहिलं.  मला वाटलं, आता छत्री मिटतील आणि उठतील. उठले असते तर त्यांना कोणी नाव ठेवलं नसतं. ते खरंच उठले. खुर्ची उचलली, वळवून मनोऱ्याकडे पाठ केली, आणि पुन्हा बसले. छत्री तशीच. कठड्यावर उतरू पाहणाऱ्या कावळ्याला त्यांनी हात हलवून हाकललं, आणि मागे फाडण्याचा, गिळण्याचा आवाज येत राहिला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. स्तोत्र असावं. 

"हाजीमस्त व्हता त्यो," त्या कबुतराचं नाव घेऊन ते म्हणाले. "पोटभर दाणं खाऊन बी सगळ्यांत वर उडायचा."

सुभेदारांनी माझ्या कानाशी तोंड आणून म्हटलं, "असला मानूस आमच्या पलटनीत पायजे व्हता." पण त्यांचं हळू बोलणं म्हणजे गल्लीला ऐकू जाईल असं, त्यामुळे अण्णांच्या कानांपर्यंत ते गेलंच.

सांगली, तिसरा दिवस

आमची परतीची गाडी दुपारची होती. सकाळी निरोप घ्यायला गेलो तेव्हा अण्णा तसेच बसलेले, मनोऱ्याकडे पाठ करून. रात्री वनखात्याचा माणूस बसला होता, पण उजाडायच्या आधीच अण्णांनी त्याला चहा पाजून घरी पाठवला होता. पिल्लू आता कठड्यावर चढून बसलं होतं. अंगावरचा कापूस बराच झडला होता. ते पंख पसरायचं, चार वेळा फडफडवायचं आणि मग आपण काय करत होतो ते विसरल्यासारखं इकडेतिकडे पाहायचं.

समोर मनोऱ्यावर नर-मादी दोघं बसून हाका मारत होते. कॅक-कॅक-कॅक, एकसारखं. खाली गल्लीत दूधवाला थांबला, भाजीवाली थांबली, रिक्षावाला थांबला. सगळ्यांच्या माना वर.

पिल्लानं एकदा खाली पाहिलं. मग पाय टेकले की सुटले तेच कळलं नाही. एकदम ते गच्चीच्या बाहेर होतं. क्षणभर खाली गेलं आणि कुमुदताईंनी माझा दंड असा धरला की आठवडाभर तिथे हिरवा डाग होता. मग पंखांना हवा सापडली. वेडंवाकडं, थोडं डावीकडे घसरत ते वर गेलं आणि घड्याळाच्या काट्यावर दाणकन आदळून कोनाड्यात शिरलं. गल्लीत टाळ्या वाजल्या. सुभेदारांनी खाडकन सॅल्यूट ठोकला.

कुमुदताई रडत होत्या आणि डोळे पुसत नव्हत्या; पुसायला गेलं की तेवढा वेळ काही दिसणार नाही, म्हणून.

अण्णा मात्र अजून पाठमोरेच होते. टाळ्या थांबल्यावर त्यांनी सावकाश छत्री मिटली.

"गेलं?" त्यांनी विचारलं.

"गेलं," मी म्हटलं. "नीट पोहोचलं."

 मान न वळवताच ते म्हणाले, "उपाशी न्हाई न्हवं गेलं?"